विचारा बिनधास्त: मूकपटातलं कॉलेज, मैदान आणि फजिती

मागच्या अंकात मी हॅरॉल्ड लॉइडचा 'द फ्रेशमन' (१९२५) आणि बस्टर कीटनचा 'कॉलेज' (१९२७) या दोन मूकपटांबद्दल थोडंसं लिहिलं होतं, दोन्हीत कॉलेजमधला मुलगा आहे, दोन्हीत त्याला खेळात चमकायचंय आणि दोन्ही कॉमेडी आहेत. त्यावर खूप प्रश्न आले, म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

ताई, तुम्ही सांगितलं म्हणून घरी सगळ्यांनी बसून 'द फ्रेशमन' बघितला. कॉमेडी म्हणून लावला पण मधे एका ठिकाणी मला अगदी भरून आलं, बायको म्हणाली बंद करा, त्या पोराचे हाल बघवत नाहीत. विनोदी सिनेमात असं व्हायला पाहिजे का? — एक वाचक, सांगली

व्हायलाच पाहिजे, आणि तुमच्या घरी ते झालं याचा मला मनापासून आनंद झाला. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते, हॅरॉल्ड लॅम्ब नावाचा मुलगा टेट युनिव्हर्सिटीत शिकायला जातो, आणि कॉलेज म्हणजे काय हे तो शिकलाय एका सिनेमातून. त्या सिनेमातला हीरो हात मिळवायच्या आधी पायांची एक छोटीशी नाचरी स्टेप करतो, तर हा पण प्रत्येकासमोर ती स्टेप करून मग हात पुढे करतो आणि सांगतो की मला 'स्पीडी' म्हणा. पोरं त्याला डोक्यावर घेतात, त्याच्या पैशाने आइस्क्रीम खातात, आणि त्याला वाटतं आपण कॉलेजमधे सगळ्यात लाडके झालो. खरं काय आहे ते सगळ्या कॉलेजला माहीत आहे, आपल्याला माहीत आहे, फक्त त्याला माहीत नाही.

गंमत सगळी इथे आहे बघा. जवळजवळ तासभर आपण कोणाच्या बाजूने हसतोय? त्या चिडवणाऱ्या पोरांच्या बाजूने. मग येते ती पार्टी. शिंप्याला मधेमधे चक्कर येते, त्यामुळे हॅरॉल्डचा सूट पूर्ण शिवून झालेला नसतो, नुसते कच्चे टाके घातलेत, म्हणून तो शिंपी बिचारा पडद्यामागे लपून उभा आहे आणि जिथे टाका उसवेल तिथे गुपचूप शिवतोय. बाही निघते, शिवण सुटते, शेवटी पॅन्ट पण जाते. लॉइडने नंतर सांगितलंय की पॅन्ट उतरण्याचा विनोद त्याला आधी नको होता, फार वापरून जुना झालेला म्हणून, पण सिनेमा रिलीज करायच्या आधी प्रेक्षकांना दाखवून बघितला तेव्हा लक्षात आलं की लोक त्याचीच वाट बघतायत, म्हणून तो भाग परत शूट केला. इथपर्यंत आपण खो खो हसतो आणि मग लगेच एक मवाली पोरगा चिडून त्याच्या तोंडावर सांगतो की अरे सगळं कॉलेज तुला हसतंय, तुझ्यासोबत कोणीच नाही. हॅरॉल्ड आधी हसून न्यायचा प्रयत्न करतो आणि मग पेगीच्या, म्हणजे घरमालकिणीच्या मुलीच्या, मांडीवर डोकं ठेवून रडतो. तुम्हाला जे भरून आलं ना ते त्याच्यासाठी तर होतंच, पण मला वाटतं थोडं हे पण होतं की आपण एवढा वेळ त्या पोरांमधेच बसलो होतो.

आणि हे काही आपोआप जमलेलं नाही. लॉइडच्या टीमने शूटिंगची सुरुवात फुटबॉल मॅचपासून केली होती, कारण सिनेमाचा जीव तिथेच आहे असं त्यांना वाटत होतं. पण ते काही जमेना, विनोद बसेनात, कारण हा मुलगा कोण, त्याला काय पाहिजे हे अजून त्यांनाच उभं करायचं होतं. मग मॅच बाजूला ठेवली आणि गोष्ट पहिल्यापासून क्रमाने शूट करत आले, म्हणजे मॅच येईपर्यंत त्या पोराची सगळी आशा, सगळा अपमान अंगात मुरलेला. मी स्वतः या सिनेमाला एवढी मानते त्याचं कारण हेच आहे. खेळ हे नुसतं निमित्त, त्या पोराला फक्त 'आपल्यातला एक' व्हायचंय.

ताई मी अकरावीत आहे, कबड्डी खेळतो. मला अमेरिकन फुटबॉलचं काहीच कळत नाही, नियम माहीत नसताना 'फ्रेशमन'ची मॅच बघून मजा येईल का? — एक विद्यार्थी, नाशिक

अरे येईल, नक्की येईल. तुला एवढंच कळलं तरी पुरे की दोन्हीकडे अकरा-अकरा जण, बॉल हातात घेऊन समोरच्या टीमच्या टोकाच्या रेषेपलीकडे न्यायचा, आणि दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात, नाही जमलं तर बॉल समोरच्यांकडे जातो. बॉल घेऊन पळणाऱ्याला पाडायचं हा बाकीच्यांचा धंदा, म्हणजे तू चढाई करून परत येताना पाय पकडून ओढतात ना तसंच, फक्त इथे सगळं मैदान अंगावर येतं.

हॅरॉल्डला टीममधे घेतलेलंच नसतं रे. प्रॅक्टिसच्या दिवशी पोरं ज्याच्यावर धडका मारतात तो पुतळा मोडतो, तर हा स्वतः पुतळ्याच्या जागी उभा राहतो आणि दिवसभर मार खातो. कोचला त्याची जिद्द आवडते पण खेळ अजिबात नाही, म्हणून त्याला पाणी द्यायच्या कामाला ठेवतात आणि त्याला मात्र वाटतं आपण राखीव खेळाडू आहोत. शेवटच्या मॅचमधे टीमचे एवढे जण जखमी होतात की बाकावर हाच उरतो. पुढचं सगळं सांगत नाही, पण एक जागा सांगते. पंच त्याला बजावून सांगतात की शिट्टी वाजली की बॉल सोडायचा. मग तो बॉल घेऊन सुसाट सुटतो, रेषा अगदी समोर आलेली, आणि कुठल्यातरी कारखान्याचा भोंगा वाजतो. हा प्रामाणिक पोरगा बॉल खाली ठेवून देतो! त्या क्षणी तू ओरडशील बघ.

आणखी एक, मॅचमधली ती प्रचंड गर्दी खरी आहे. मैदानावरचा खेळ पासाडेनाच्या रोझ बोल स्टेडियममधे शूट केला पण गर्दीचे शॉट घेतले बर्कलीच्या कॅलिफोर्निया मेमोरियल स्टेडियममधे, नोव्हेंबर १९२४ मधे कॅलिफोर्निया विरुद्ध स्टॅनफर्ड या मोठ्या मॅचच्या मध्यंतरात. लोक आले होते खरी मॅच बघायला, ती २०-२० अशी बरोबरीत सुटली. आणि हे सगळं धावणं-पडणं करणाऱ्या लॉइडच्या उजव्या हाताला अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट नव्हतं, १९१९ मधे फोटो काढताना खोटा समजून हातात धरलेला बॉम्ब खरा निघाला होता. त्यानंतर तो पडद्यावर खोटी बोटं बसवलेला हातमोजा घालायचा. मॅच बघताना तो हात शोध, सापडतो का बघ.

त्याच काळात एवढे सगळे कॉलेजचे सिनेमे का आले? लॉइड काय, कीटन काय, एकाच वेळी सगळ्यांना कॉलेज कसं सुचलं? — एक वाचक, पुणे

कारण पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत कॉलेजला जाणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली, आणि ज्यांना जाता आलं नाही त्यांना पण कॉलेजचं वेड लागलं, तिथले कपडे, तिथली गाणी, तिथल्या मॅचेस. रोझ बोल स्टेडियम १९२२ चं, लॉस एंजेलिसचं कोलिझियम आणि बर्कलीचं स्टेडियम १९२३ चं, म्हणजे सिनेमावाल्यांच्या दारातच ही अवाढव्य मैदानं उभी राहिली. १९२४ च्या ऑक्टोबरमधे इलिनॉय युनिव्हर्सिटीच्या रेड ग्रेंजने मिशिगनविरुद्धच्या फुटबॉल मॅचमधे पहिल्या बारा मिनिटांत चार टचडाउन केले, म्हणजे चार वेळा बॉल रेषेपलीकडे नेला, आणि एक विद्यार्थी देशभर हीरो झाला. 'द फ्रेशमन'मधे टेट युनिव्हर्सिटीची ओळखच अशी करून दिलीये की हे एक मोठं फुटबॉल स्टेडियम आहे आणि त्याला एक कॉलेज जोडलेलं आहे.

विशेष म्हणजे लॉइड स्वतः कधी कॉलेजला गेला नाही. कीटन तर लहानपणापासून आईवडिलांबरोबर स्टेजवर, शाळाच धड झाली नाही. मला वाटतं म्हणूनच दोघांना बाहेरून आत बघणारा मुलगा एवढा नीट कळला. युनिव्हर्सल कंपनीने 'द कलेजियन्स' नावाची छोट्या सिनेमांची अख्खी मालिका १९२६ पासून काढली, एमजीएमचा 'ब्राउन ऑफ हार्वर्ड' (१९२६) पण चालला. पण ते आज मुद्दाम शोधून बघावेत असं मी म्हणणार नाही, लॉइड आणि कीटन पहिले.

मी शाळेत पी.टी. शिकवतो. 'कॉलेज'मधे कीटनला एकही खेळ येत नाही हे बघून पोरं खूप हसली, पण मला सारखं वाटत होतं की ज्याला खेळ येत नाही तो असा पडूच शकत नाही. आणि शेवटी बांबूवरून खिडकीत मारलेली उडी खरी का? — एक शिक्षक, सोलापूर

सर, तुमची नजर बरोबर आहे. कीटन अव्वल दर्जाचा खेळाडू होता, बेसबॉलचा तर वेडा, आणि लहानपणापासून स्टेजवर वडील त्याला इकडून तिकडे फेकायचे त्यामुळे पडायचं कसं हे त्याच्या हाडात भिनलेलं. 'कॉलेज'मधला रोनाल्ड हा पुस्तकी हुशार मुलगा, शाळेच्या समारंभात खेळांच्या विरोधात भाषण ठोकतो, आणि त्याला आवडणारी मेरी तिथेच त्याला सुनावते की मला खेळाडू आवडतात. मग हा तिच्या मागे क्लेटन कॉलेजला जातो, पोट भरायला सोडा फाउंटनवर, म्हणजे सोडा-आइस्क्रीमच्या काउंटरवर, काम करतो आणि रोज मैदानावर नशीब आजमावतो.

आता तो मैदानी खेळांचा भाग तुम्ही पी.टी.च्या सरांच्या नजरेने परत बघा. गोळा, थाळी, हातोडा, भाला, उंच उडी, लांब उडी, एकेक करून सगळं बिघडतं, पण प्रत्येक वेळी वेगळ्या जागी बिघडतं. पळताना दोन लहान मुलं त्याच्या पुढे निघून जातात. अडथळ्यांच्या शर्यतीत एकामागून एक अडथळे तो पाडत जातो, आणि तेही एका लयीत. तुम्ही पोरांना हर्डल्स शिकवत असाल तर तुम्हाला माहीतच असेल की पाय अडकल्यावर तोल सावरून पुढच्या अडथळ्यापर्यंत तेवढ्याच पावलांत पोचणं किती अवघड असतं, एखादा नवखा पोरगा दुसऱ्या-तिसऱ्यालाच तोंडावर पडेल. बहुतेक प्रेक्षक ही कसरत बघतच नाहीत, त्यांना फक्त बावळट पोरगा दिसतो, आणि कीटनला तेच पाहिजे होतं. चेहऱ्यावर तर रेष हलत नाही, पडला की उठतो, बाजूच्या खेळाडूने कसं केलं ते बघतो आणि तसंच करायला जातो.

शेवटच्या उडीबद्दल. मेरीला तो जेफ नावाचा पोरगा तिच्याच खोलीत कोंडून ठेवतो, रोनाल्डला फोन येतो आणि जे जे त्याला मैदानावर जमलं नव्हतं ते सगळं तो रस्त्यात करत जातो, झुडपांवरून अडथळे पार करावेत तशा उड्या, डबक्यावरून लांब उडी, आणि कपड्यांच्या दोरीला टेकू दिलेला बांबू उपसून त्याच्यावरून थेट वरच्या खिडकीत. ही एक उडी कीटनची नाही. ती ली बार्न्सने मारलीये, त्याने १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमधे ३.९५ मीटर उडी मारून पोल व्हॉल्टचं सुवर्णपदक घेतलं होतं आणि तेव्हा तो फक्त सतरा वर्षांचा होता. जो माणूस स्वतःचे सगळे जीवघेणे स्टंट स्वतः करायचा त्याने एका उडीसाठी ऑलिम्पिक विजेता बोलावला, यात मला कीटनचा खेळाबद्दलचा आदर दिसतो. बाकी खोलीत शिरल्यावर हाताला लागेल ते गोळ्यासारखं, थाळीसारखं फेकून जेफला पळवून लावतो ते सगळं त्याचं स्वतःचं.

होड्यांची शर्यत पण पोरांना परत दाखवा. डीनच्या, म्हणजे कॉलेजच्या प्रमुखाच्या, दबावामुळे रोनाल्डला सुकाणू धरायला बसवलेलं असतं, सुकाणू तुटतं, तर तो ते स्वतःच्या पाठीमागे बांधतो आणि होडीच्या टोकावर बसून अंगाने होडी वळवतो. मला सगळ्या सिनेमात ही कल्पना सगळ्यात आवडते, कारण इथे पहिल्यांदा तो दुसऱ्याची नक्कल सोडून स्वतःच्या डोक्याने खेळतो.

'कॉलेज' मुलीला दाखवायचा विचार होता, ती बारा वर्षांची आहे. पण त्यात कीटन तोंडाला काळं फासून वेटर होतो तो प्रसंग बघून मला कसंतरी झालं. मुलांना दाखवावा का? — एक आई, ठाणे

तुम्हाला कसंतरी झालं ते योग्यच आहे. कृष्णवर्णीय वेटर पाहिजे अशी नोकरी असते म्हणून रोनाल्ड तोंड रंगवून जातो, मग रंग पुसला जातो आणि भांडं फुटतं. त्या काळात अमेरिकन स्टेजवर आणि सिनेमात गोऱ्या नटांनी तोंड काळं करून कृष्णवर्णीयांची टिंगल करणं सर्रास चालायचं, लोकांना त्यात काही वाटायचं नाही. पण ज्यांची टिंगल होत होती त्यांना तेव्हाही वाटत असणारच. जुना काळ होता एवढं म्हणून मी ते सोडून देणार नाही.

माझं मत, बारा वर्षांच्या मुलीला दाखवा पण शेजारी बसून दाखवा, आणि तो प्रसंग आला की पुढे ढकलू नका, थांबवून बोला. मुलं आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूप समजूतदार असतात, आणि आपल्याकडेही रंगावरून चिडवणं शाळेत रोज चालतं हे ती तुम्हाला स्वतःच सांगेल. अजून लहान मूल असेल तर आधी 'द फ्रेशमन' लावा. आणि हो, 'कॉलेज'चा शेवट पण जरा सांगून ठेवते, लग्न होतं आणि मग अगदी काही सेकंदांत मुलंबाळं, म्हातारपण आणि शेजारी शेजारी दोन थडगी. सिनेमा तिथे संपतो. मुलगी विचारेल की असं का, तेव्हा घाईने उत्तर देऊ नका, तिला काय वाटतं ते आधी ऐका.

या सगळ्या सिनेमांत मुलगी म्हणजे फक्त बक्षीस का? मुलगा जिंकला की मिळाली. मुलींनी खेळायचं नाही का? — एक वाचक, अमरावती

प्रश्न एकदम बरोबर. मेरीच्या बाबतीत तर पूर्णच खरं आहे, शेवटी तिला कोंडून ठेवलंय आणि हा सोडवायला येतो. पेगीबद्दल मात्र मी थोडं भांडेन. जोबायना राल्स्टनने केलेली पेगी घरमालकिणीची मुलगी आहे, काम करून खाणारी आहे, आणि सगळ्या कॉलेजमधे तीच एकटी हॅरॉल्डला सांगते की दुसऱ्यासारखं होणं सोड, तू आहेस तसा लोकांसमोर जा. गोष्टीचं वळण तिच्यामुळे येतं.

आणि मुलींनी खेळलेला सिनेमा आहे ना. 'द फेअर को-एड' (१९२७), दिग्दर्शक सॅम वूड, मुख्य भूमिकेत मेरियन डेव्हिस, आणि ती कॉलेजच्या मुलींच्या टीममधे बास्केटबॉल खेळते. तिचा कोच झालेला जॉनी मॅक ब्राउन हा खरा फुटबॉलपटू, अलाबामाकडून १९२६ च्या रोझ बोल मॅचमधे गाजलेला आणि मग थेट सिनेमात आलेला. मेरियन डेव्हिसला विनोदाचं जबरदस्त अंग होतं, पण विल्यम रँडॉल्फ हर्स्टसारखा वर्तमानपत्रांचा मालक तिच्या मागे उभा होता आणि त्याला ती भारी पोशाखातल्या गंभीर भूमिकांत बघायला आवडायची, त्यात तिचं नुकसान झालं असं माझं ठाम मत आहे. हातात बॉल दिला की बघा ती कशी खुलते.

मी गेली काही वर्षं टोकियोत नोकरीला आहे. इथे जपानी दिग्दर्शक ओझूचे जुने मूकपट बघितले आणि चाट पडलो, कारण ओझू म्हणजे आपल्याला माहीत आहेत ते संथ, घरगुती, म्हाताऱ्या आईबापांचे सिनेमे, आणि हे तर होस्टेलमधली मस्ती, कॉपी, स्कीइंग! याबद्दल लिहा ना. — एक वाचक, टोकियो

किती आनंद झाला हे पत्र वाचून. यासुजिरो ओझू तरुणपणी हॉलिवूडच्या कॉमेडीचा भक्त होता, आणि जपानात लॉइड एवढा लाडका होता की तसल्या गोल जाड काड्यांच्या चष्म्याला तिथे त्याचंच नाव पडलं. ओझूचा आज उपलब्ध असलेला सगळ्यात जुना सिनेमाच विद्यार्थ्यांचा आहे, 'डेज ऑफ यूथ' (१९२९), शोचिकू कंपनीचा. वातानाबे आणि यामामोतो हे दोन दोस्त, एक चलाख आणि एक भोळा, दोघांचा जीव चिएकोवर. वातानाबे तर खोली भाड्याने देणे आहे असा कागद खिडकीला लावून ठेवतो, म्हणजे कोणीतरी सुंदर मुलगी विचारायला येईल. परीक्षा झाल्यावर दोघं आकाकुराला बर्फात स्कीइंगला जातात, चिएको पण तिथेच, आणि तिथे जाऊन कळतं की ती तर स्थळ बघायला आलीये! आपल्याकडच्या कांदेपोह्यांची सवय असलेल्या माणसाला हे लगेच भिडतं. बर्फात पडण्याचे विनोद आहेतच पण लक्षात राहतो तो परतीचा ट्रेनचा प्रवास, दोघं गप्प, दोघांनाही माहीत की आपण हरलो, आणि तरी दोस्ती तशीच.

माझा सगळ्यात आवडता मात्र 'आय फ्लंक्ड, बट...' (१९३०). परीक्षेत कॉपी करायची म्हणून शर्टाच्या पाठीवर सगळी उत्तरं लिहून ठेवली, म्हणजे मागच्या बाकावरच्याला पण वाचता येतील, आणि नेमका तो शर्ट धुवायला जातो. पोरगा नापास. पास झालेले मित्र नवीन सुटाबुटात बाहेर पडतात आणि महिनोन्‌महिने नोकरीच मिळत नाही, इकडे नापास झालेला मजेत मैदानावर टीमला चिअर करतोय, कॉलेजच्या घोषणा देतोय. म्हणजे खेळ इथे पण आहे, पण खेळाडू म्हणून नाही, बाजूला उभं राहून हात नाचवत ओरडणारा म्हणून. अमेरिकन सिनेमात मॅच जिंकली की सगळे प्रश्न सुटतात. ओझूकडे मॅच संपली की गेटबाहेर बेकारी उभी आहे, १९२७ च्या बँकांच्या पडझडीनंतर जपानात पदवीधरांचे फार हाल होते, त्यात जगभराची मंदी आली. ओझू स्वतः युनिव्हर्सिटीत गेलेला नाही, तरी किंवा कदाचित म्हणूनच, त्याने विद्यार्थ्यांकडे एवढ्या मायेने बघितलंय. आजची स्पर्धा परीक्षा देणारी पोरं हा सिनेमा बघतील तर त्यांना वाटेल आपल्या रूमवर कॅमेरा लावलाय.

'द लेडी अँड द बिअर्ड' (१९३१) पण बघा, सुरुवातच केंदोच्या, म्हणजे जपानी तलवारबाजीच्या, मॅचने होते, हीरो तलवारबाजीत पटाईत पण दाढीमुळे नोकरी मिळत नाही असा. तुम्ही तिकडे आहात तर एक करा, बेन्शी असलेला शो लागला तर सोडू नका. बेन्शी म्हणजे पडद्याच्या बाजूला उभा राहून सगळ्यांचे संवाद आणि वर्णन करणारा कलाकार, जपानात हे लोक नटांइतके प्रसिद्ध होते, तिथे मूकपट १९३० च्या दशकात बराच काळ टिकले त्यात त्यांचा मोठा हात आहे. ओझूचा पहिला बोलपट पण १९३६ चा.

आपल्याकडे मूकपटांच्या काळात कॉलेजवर असं काही झालं का? — एक वाचक, कोल्हापूर

लॉइड आणि चॅप्लिन आपल्याकडे भरपूर बघितले जायचे. १९२७-२८ मधे सरकारने रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली सिनेमाची चौकशी समिती नेमली होती, तिच्यासमोर आलेल्या माहितीत या विनोदी नटांची लोकप्रियता स्पष्ट दिसते. आपल्याकडच्या विनोदाची नजर मात्र वेगळीकडे होती. फाळक्यांनी 'पिठाचे पंजे' सारखा छोटा विनोदी पट केला, बंगालमधे धीरेन गांगुलींनी 'बिलात फेरत' (१९२१) केला, त्यात विलायतेहून शिकून आलेल्या तरुणाची फजिती आहे, म्हणजे विषयाच्या जवळ जाणारा हाच. आणि तुमच्या कोल्हापुरात, ज्या वर्षी 'द फ्रेशमन' आला त्याच १९२५ मधे, बाबूराव पेंटरांनी 'सावकारी पाश' केला, जमीन गेलेल्या शेतकऱ्याची गोष्ट. कॉलेज ही तेव्हा इतक्या थोड्यांची चीज होती की सिनेमाला तो विषय जवळचा वाटायचं कारणच नव्हतं. त्यात आपले बहुतेक मूकपट नष्ट झालेत, जे वाचलं ते बरंचसं पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने, १९६४ पासून, जपलंय.

मोबाईलवर हे सिनेमे लावले की सगळे तुरुतुरु पळतात आणि मागे भलतंच संगीत वाजतं. खरंच असेच होते का? — बऱ्याच जणांचा प्रश्न

नाही हो. तेव्हा कॅमेरा हाताने फिरवायचे, सेकंदाला ठरलेल्या एवढ्याच फ्रेम असं काही नव्हतं, बरेचदा आजच्या चोवीसपेक्षा कमी असायच्या. त्या फिती आज चोवीसच्या वेगाने लावल्या की माणसं घाईत दिसणारच. काही वेळा विनोदासाठी मुद्दाम थोडा हळू फिरवून पळापळ वेगवान करायचे ते वेगळं, पण बोलण्या-बसण्याच्या साध्या प्रसंगात पण सगळे तुरुतुरु असतील तर ती कॉपी खराब आहे असं समजा आणि दुसरी शोधा. अमेरिकेत 'द फ्रेशमन' २०२१ पासून कॉपीराइटमधून मोकळा झालाय आणि 'कॉलेज' पण मोकळा आहे, त्यामुळे कोणीही उठून काहीही कॉपी टाकतं, धुरकट, कडा कापलेली, मागे कुठलीतरी एकच ट्यून फिरत राहिलेली. रिस्टोअर केलेली, स्वच्छ आणि सिनेमासाठीच बसवलेलं संगीत असलेली कॉपी घ्या. थिएटरात तेव्हा पियानो नाहीतर अख्खा वाद्यवृंद वाजायचा, शांततेत कोणी बघत नव्हतं. आणि जमलं तर मोबाईलवर एकट्याने बघू नका, भिंतीवर प्रोजेक्टर लावून चारदोन घरं गोळा करा. मॅचचा भाग येईल तेव्हा पोरांना ओरडू द्या.